तो घात, ती घात

१२ जानेवारी

प्रिय काना,

तुझी ताई जाऊन वर्ष झालं. तिनं तुला दिलेल्या या नावानं हाक मारणारा आता मी एकटाच उरलोय, तेव्हा चालवून घे. अजून तसाच आहेस ना, अक्षरापुढच्या काना-मात्रेतल्या कान्यासारखा, ताठ उभा? की कंबरेनं ऐकलं नाही?

कामाचं बोलतो. शाळेच्या गणितातल्या शब्दांचा एक कोश निघतोय आणि त्याचं संपादन माझ्या गळ्यात पडलंय. त्र्याऐंशीव्या वर्षी गळा कसला, नुसती लोंबती कातडी, पण पडलंय खरं. प्रत्येक शब्दाखाली त्याच्या जन्माची छोटी गोष्ट द्यायची. सुरवात ‘घात’ या शब्दापासून. दोनाचा तिसरा घात, चौथा घात म्हणतात ना, तोच. हे पहिलं पान मी प्रकाशनाच्या सभेत वाचूनही दाखवायचं आहे.

तू म्हणशील, त्यात काय मोठं, तुम्हाला तर घाताची उत्पत्ती तोंडपाठ! आहेच. पण प्रकाशक हटून बसलाय. म्हणतो, ‘सर, ते मारणं, वध वगैरे नको हो. आठवीच्या पोरांचं पुस्तक आहे. काहीतरी गोड द्या.’ आता मारामारीतून गोड काय काढू? तुझ्या डोक्यात शब्दांचं कोठार आहे. एखादी हलकीफुलकी उत्पत्ती शोधून दे.

तुझी भाची आठवण काढत असते. तिच्या शाळेत हाच कोश लागणार आहे. म्हणजे घरचंच काम समज.

मोठा म्हणून आशिर्वाद.

तुझा भाऊजी


२० जानेवारी

ती. भाऊजी यांस,

नमस्कार. तो वयाला आहे.

आपले पत्र सोबत परत पाठवीत आहे. तांबड्या शाईतील दुरुस्त्या पाहाव्यात. ‘सुरवात’ नव्हे, ‘सुरुवात’. ‘आशिर्वाद’ नव्हे, ‘आशीर्वाद’. आणि शब्दाची उत्पत्ती होत नसते, त्याला व्युत्पत्ती असते. उत्पत्ती डासांची होते. कोशाच्या संपादकाला या दोहोंतील भेद ठाऊक असावा, अशी अपेक्षा बाळगणे मी आपल्यापुरते केव्हाच सोडून दिले आहे.

‘घात’ची व्युत्पत्ती आपल्याला तोंडपाठ असणे स्वाभाविक आहे. दुसऱ्याचे असते तेच पाठ करावे लागते.

आपल्याला विस्मरण झाले असल्यास आठवण देतो. ताईची पहिली शस्त्रक्रिया आणि माझे परिषदेतील निबंधवाचन एकाच दिवशी आले होते. नवरा या नात्याने तिच्याजवळ आपण बसायला हवे होते. आपण म्हणालात, ‘मला ते रक्तबिक्त बघवत नाही. तू बस. तुझा निबंध मी वाचतो.’ मी बसलो. आपण निबंध वाचलात. फक्त ‘तुझा’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळाला. दुसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर कुणीतरी टाकून गेलेल्या वर्तमानपत्रात मी आपले छायाचित्र पाहिले. हातात चषक होता. खाली लिहिले होते, ‘घाताचा उलगडा करणारे प्राध्यापक’. पुढे तोच निबंध परिषदेच्या अंकात आपल्या नावाने छापला गेला.

शोध माझा होता, असा दावा मी कधीही केलेला नाही. गोष्ट जुन्या गणितग्रंथांत आणि अभ्यासकांच्या टिपांत विखुरलेली होती. ती गोळा करून, मुलांना समजेल अशा भाषेत मांडण्यात माझे तरुणपण गेले. घात हा शब्द ‘हन्’ म्हणजे मारणे या धातूपासून आला. त्याचा मूळ गणिती अर्थ गुणाकार. जुने गणिती गुणाकाराला हनन म्हणत, वधही म्हणत. का म्हणत, याचे एक स्पष्टीकरण असे की, ते पाटीवर धूळ पसरून बोटाने आकडे लिहीत आणि गुणाकार पुढे सरकला की मूळचा आकडा पुसून त्या जागी नवा लिहीत. ज्याच्यापासून सारे वाढले, तोच पाटीवरून नाहीसा होई. या क्रियेचा अर्थ आपल्याइतका दुसऱ्या कुणालाही प्रत्यक्ष कळलेला नसेल.

त्या दिवशी वर्तमानपत्र मी घडी करून उशीखाली सारले, पण ताईने ते पाहिले होते. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘काना, मी आहे तोवर तोंड उघडू नकोस.’ मी उघडले नाही. त्या वाक्यातील ‘तोवर’ हा शब्द मुदत दाखवतो, याची आपण नोंद घ्यावी.

गोड व्युत्पत्ती माझ्याकडे नाही.

‘मेहुणा’ हा शब्द मोठा आळशी आहे. बायकोचा भाऊही मेहुणा, बहिणीचा नवराही मेहुणा. आपल्या दोघांत फरक करावा असे भाषेला वाटले नाही, याचा मला नेहमीच विषाद वाटत आला आहे. तरीही नाइलाजाने,

आपला मेहुणा


२ फेब्रुवारी

काना,

तांबडी शाई बाजारातून गेली असं ऐकलं होतं. तुझ्याकडे अजून साठा दिसतो.

मी तुझे पत्र दोनदा वाचलो. अरे, कधीची गोष्ट, आणि तू अजून तीच उकरत बसलायस? शब्द काय कुणाच्या बापाचा असतो? तूच लिहितोस, शोध तुझा नव्हता. मग तुझं गेलं काय? लोकांना आवडलं, मुलांपर्यंत पोचलं. तू वाचला असतास तर दुसऱ्या पानाला निम्मं सभागृह चहाला उठलं असतं. तुझं वाचन म्हणजे जमिनीची मोजणी. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, खुंटी ठोकायची.

असो. मला खरंच सहाय्य हवंय. जमत असेल तर निसंकोच लिही. जमत नसेल तर तेही निसंकोच लिही, दुसरा कुणीतरी बघतो. लेक परवा म्हणाली, ‘बाबा, मामाला नाही जमलं तर कुणालाच जमणार नाही.’ मी म्हटलं, ‘बाई गं, वय झालं त्याचं. आता त्याच्याकडून फक्त ऱ्हस्वदीर्घाची अपेक्षा ठेव.’

तुझा भाऊजी


१५ फेब्रुवारी

ताई,

या पत्राला पाकीट नाही आणि पत्ताही नाही, म्हणून तारीख तरी नीट घातली आहे.

तुझा नवरा लिहितो, तुझं गेलं काय. मी उत्तर लिहायला घेतले, तीनदा कागद बदलला, आणि मग माझ्या लक्षात आले की, त्याला पटवून द्यायचे त्राण आता माझ्यात उरलेले नाही. त्याला कळायला नको आहे, ताई. त्याला लागायला हवे आहे. जिथे मला लागले तिथेच, भर सभेत, छापील अक्षरांत.

सूड हा शब्द पुल्लिंगी आहे. त्याचे अनेकवचनही ‘सूड’च होते. मला एकच पुरे.

आईच्या माहेरची ओसरी तुला आठवते? आजोबा शेतावरून आले की आपण दोघे विचारायचो, ‘घात आली का?’ जमिनीत पेरणीला हवी तेवढी ओल आली की ते मान हलवायचे. ती घात. स्त्रीलिंगी. आणि विश्वासघातातला, गणितातला, तो घात. पुल्लिंगी. अक्षरे तीच, पण घरे वेगळी. तुझ्या नवऱ्याला शब्दांची लिंगे जन्मात कळली नाहीत. ‘माझा वेळ गेला’ आणि ‘माझी वेळ गेली’ यांत काय फरक आहे, हे त्याला मी तुमच्या घरी जेवता जेवता समजावले होते. त्याने मान डोलावली आणि भात मागितला.

त्याला गोड हवे आहे. मी त्याला ती घात देणार आहे. एक दाणा पेरला, शंभर झाले, हाच गुणाकार, हाच घात! तो आनंदाने उड्या मारील, छापील आणि सभेत वाचील. मी पहिल्या रांगेत बसलेला असेन. टाळ्या संपल्या की उठेन आणि फक्त विचारेन, ‘ती चा तो केव्हा झाला?’ एवढेच. पुढचे सभागृह पाहून घेईल.

आणि तुला माहीत आहे, मी खोटे लिहीत नाही. आताही लिहिणार नाही. पत्रात फक्त प्रश्न असतील. त्यांची विधाने तो स्वतः करील.

तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘काना, सोड.’ तू नाहीस.


१६ फेब्रुवारी

ती. भाऊजी यांस,

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपण म्हणता ते मनाला पटले. इतके जुने उकरून हाती काय लागणार? आपण थोर आहात, ताईच्या माघारी आपण दोघांनी एकमेकांना धरून राहावे हेच बरे.

आपण आग्रह केलात म्हणून एक कल्पना सुचवतो. पेरणीआधी माती फार ओली नको, फार कोरडीही नको. मूठभर हातात घेऊन दाबली तर तिचा गोळा व्हावा आणि बोट लावताच तो सुटावा. अशी वेळ आली म्हणजे शेतकरी म्हणतो, ‘घात आली.’ त्या घातीवर टाकलेला एक दाणा कणसात कितीतरी दाणे होऊन परततो. त्यांतील प्रत्येक दाणा पुढच्या घातीला पुन्हा तितकाच वाढतो. एकाचे अनेक, त्या अनेकांचे पुन्हा तितकेच अनेक. दुसरा घात, तिसरा घात यांत याहून निराळे काय घडते? गणितातील घात शिकताना एखाद्या मुलाला मातीतली घात आठवली तर त्यात नवल ते काय? इथे वध नाही, रक्ताचा थेंब नाही. प्रकाशकांना याहून गोड काय हवे असेल?

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

आपला मेहुणा


१ मार्च

काना!

काय लिहिलंस रे! वाचून अंगावर काटा आला. प्रकाशकाला फोनवर वाचून दाखवलं, तो म्हणाला, ‘सर, हेच! हेच पहिलं पान!’ घात आला की शेतकरी पेरतो, एकाचे शंभर होतात, आणि घात आला की संख्याही तशीच फुगते. वा! इतकी वर्षं हे पोटात ठेवून होतास आणि आम्हाला मारामारी शिकवत बसलास.

पान जसंच्या तसं छपाईला गेलं. सभा चोवीस मार्चला. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची धरून ठेवतो. येशील ना? नाहीतर म्हणशील, गुडघे.

तुझा भाऊजी


९ मार्च

ती. भाऊजी यांस,

येतो. कडेची खुर्ची द्यावी, मला उठायला सोपे पडते.

पानात आता काहीही बदल करू नये. आपल्या हातून ते जसे उतरले आहे तसेच आपल्याला शोभेल.

आपला मेहुणा


२६ मार्च

मामा,

दोन दिवस तुम्हाला फोन करतेय, तुम्ही उचलत नाही. म्हणून लिहिते. शुद्धलेखन तपासू नका, प्लीज. आज नको.

मला काय दिसलं ते सांगते, मग तुम्ही सांगा मी काय समजायचं.

बाबांनी ते मातीचं आणि दाण्याचं पान वाचलं. किती छान वाचलं! शेजारच्या बाईंनी तर डोळे पुसले. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तुम्ही खुर्चीचा हात धरून उठायला लागला होतात. मला वाटलं, तुम्हाला बाहेर जायचंय, म्हणून मी पुढे आले. तेवढ्यात बाबा माईकवर म्हणाले, ‘थांबा, थांबा. या टाळ्या माझ्या नाहीत. हे ज्यांच्याकडून आलं ते समोर उभे आहेत. माझे मेहुणे. त्यांचं श्रेय मी लाटलं असं त्यांना फार वर्षं वाटत आलंय. आज माझ्या लेकीसमोर ते त्यांचं त्यांना देतो.’

सगळं सभागृह उभं राहिलं, मामा. तुमच्यासाठी. मला रडू आलं. मला वाटलं, मिटलं एकदाचं. आई असायला हवी होती.

आणि मग चौथ्या रांगेतल्या त्या बाई. चष्मा डोक्यावर सरकवून उठल्या आणि किती नम्रपणे म्हणाल्या, ‘एक शंका आहे. मातीतली ती घात, आणि गणितातला तो घात. ती चा तो केव्हा झाला? कुठल्या नियमानं?’

बाबा हसले. म्हणाले, ‘अहो, व्याकरण हा माझा प्रांतच नाही. त्यांना विचारा. महाराष्ट्रात… नाही, मी म्हणेन अख्ख्या भाषेत त्यांच्याइतकं काटेकोर कुणी नाही.’

कुणीतरी माईक आणून तुमच्या हातात दिला. तुम्ही तो धरलात. तुमचा श्वास ऐकू येत होता सगळीकडे, भिंतीवरच्या कर्ण्यांतून. बाकी काही नाही. मग मागे कुणीतरी खुदकन हसलं, मग आणखी एक जण. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘अहो, राहू द्या, वय झालंय त्यांचं.’ तुम्ही तो चालू माईक तसाच टेबलावर ठेवलात, केवढा खाडकन आवाज झाला. आणि निघून गेलात. छत्री माझ्याकडे आहे.

कोशात त्या पानाखाली ठळक अक्षरांत तुमचं नाव आहे. ‘ही व्युत्पत्ती यांची’.

मामा, मी पाचवीत असताना तुम्ही आमच्या ओट्यावर पीठ पसरून मला गुणाकार दाखवला होता. बोटानं आकडे लिहायचे, पुसायचे, आणि प्रत्येक वेळी म्हणायचे, ‘हा मेला. हाही मेला.’ आई ओरडली होती, पीठ वाया घालवता म्हणून. मला घात त्या दिवशी कळला. मी गणिताची बाई झाले ती त्या पिठामुळे. मग हे दाण्याचं कुठून आलं? तुम्हाला ठाऊक नव्हतं, असं होणंच शक्य नाही.

जूनमध्ये मुलांच्या हातात हे पुस्तक पडेल. तुम्ही सांगाल तेच शिकवीन. पण सांगा.

तुमची भाची


४ एप्रिल

काना,

या पत्रात चूक शोधू नकोस. नाही.

माझ्या प्रत्येक लेखावरून छपाईआधी तुझ्या ताईची पेन्सिल फिरत असे, हे तुला कधी कळले नाही. तुझी समजूत अशी की, माझे व्याकरण छापखाना सुधारतो. तुला मी चुकांची पत्रे लिहीत आलो, कारण त्या दुरुस्त करताना तू इतका सुखात असायचास की तिला ते पाहून बरे वाटायचे. ‘त्याला तेवढं एकच सुख आहे,’ असे ती म्हणे. ‘वेळ’ तो कधी आणि ती कधी, हे तू मला जेवताना समजावलेस त्याच्या कितीतरी आधी तिने समजावले होते. ‘घात’ही. तुमच्या आईच्या माहेरचा शब्द तुला एकट्यालाच वारशाने मिळाला, असे तुला का वाटले?

शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, ‘मी गेल्यावर काना गप्प बसायचा नाही. त्याची पत्रं येतील. तांबड्या खुणा असतील तर भिऊ नका, तो नेहमीचाच आहे. ज्या दिवशी तुमच्या चुका तो तशाच जाऊ देईल, त्या दिवशी मात्र जपा.’

म्हणून दोन फेब्रुवारीच्या पत्रात मी चुका पेरल्या. ‘मी तुझे पत्र वाचलो’ असे तुला आजवर कुणी लिहिले नसेल. ‘साहाय्य’चे ‘सहाय्य’ केले. ‘निःसंकोच’चा विसर्ग खाल्ला, तोही दोनदा. उत्तरात सप्रेम नमस्कार आला, मी थोर असल्याचे कळले, आणि तांबडा ठिपकासुद्धा आला नाही. तुझ्या प्रेमाने मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. तरी खात्री करावी म्हणून ‘घात आला की शेतकरी पेरतो’ असे लिहून पाहिले. तेही तू मुकाट्याने गिळलेस.

चौथ्या रांगेतल्या बाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी. प्रश्न त्यांचा नव्हता. तुझाच होता. तू विचारण्याआधी तो तुला विचारला, एवढेच.

माझ्या लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेवर तू तांबडी शाई चालवलीस आणि ती सगळ्या पाहुण्यांदेखत माझ्या वडिलांच्या हातात दिलीस. मजकूर त्यांनी लिहिला होता. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते. ते हसले, आणि मग पुन्हा कधीही त्यांनी कुणाला चार ओळी लिहिल्या नाहीत. मलाही नाही. तू ते तेव्हाच विसरलास. मी विसरलो नाही.

तुझे नाव मी गाळले, ही तुझी जन्माची तक्रार होती. आता ते छापले आहे, आडनावासकट.

त्या बाईंना मीच उठवले हे कळल्यापासून लेक दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. तिच्यासाठी एक वाट ठेवतो. मुलांच्या हाती पडण्याआधी पुस्तकात शुद्धिपत्र चिकटवता येईल. मजकूर तू लिही, मी अक्षरही बदलणार नाही. पण शुद्धिपत्राचा नियम तुला ठाऊक आहे, छापील आधाराशिवाय दुरुस्ती देता येत नाही. खऱ्या व्युत्पत्तीच्या मराठी मांडणीला छापील आधार एकच आहे. परिषदेचा अंक. माझा निबंध. तेव्हा खरे सांगायचे असेल तर ते माझ्या नावाने सांगावे लागेल, आणि तुझे नाव राखायचे असेल तर खोट्याखाली राखावे लागेल. निवड तुझी.

तू माझा घात योजलास. घात साधली मी.

तुझा मेहुणा


१९ एप्रिल

ती. भाऊजी यांस,

आपले पत्र पुन्हा पुन्हा तपासले. त्यात एकही चूक नाही. या वयात मला मिळालेली ही सर्वांत मोठी शिक्षा आहे. आपण ती पूर्णविरामासह दिलीत.

आपल्या वडिलांच्या पत्रिकेत ‘आमंत्रण’ असा शब्द होता आणि तिथे ‘निमंत्रण’ हवा होता. दुरुस्ती बरोबर होती. हात चुकीचा होता. यापेक्षा अधिक मी लिहिणार नाही आणि आपणही मागू नये.

चि. भाचीला स्वतंत्र लिहिले आहे की, पिठाची पाटीच खरी, आणि दाण्याची गोष्ट तिच्या मामाने द्वेषाने रचली. तिने उत्तर पाठवलेले नाही. छत्री पाठवली आहे.

निवड करायला मला वेळ लागला नाही. (तो वेळ.) मुलांनी खोटे शिकावे आणि त्याखाली माझे नाव असावे, यापेक्षा त्यांनी खरे शिकावे आणि त्याखाली आपले असावे. शुद्धिपत्राचा मजकूर पुढीलप्रमाणे:

‘पहिल्या पानावरील व्युत्पत्ती रद्द समजावी. तिच्याखालील नाव काढून टाकावे. त्याऐवजी पुढील दोन नोंदी वाचाव्यात.

घात (स्त्री.). पेरणीस योग्य अशी जमिनीची ओल, योग्य संधी. गणितातील शब्दाशी हिचा संबंध नाही. उदा. त्याने घात साधली.

घात (पु.). संस्कृत हन्, मारणे, या धातूपासून. गणितात मुळात गुणाकार. पुढे, एकाच संख्येला त्याच संख्येने पुनःपुन्हा गुणून येणारे फळ. धूळपाटीवर गुणाकार करताना मूळचा आकडा पुसला जाई, यावरून हे नाव पडले असावे. आधार: प्रस्तुत संपादकांचा परिषदेतील निबंध. व्यवहारात, नाश, दगा. उदा. मेहुण्याने मेहुण्याचा घात केला.’

अक्षरही बदलणार नाही असे आपण लिहून दिले आहे, म्हणून शेवटच्या उदाहरणाविषयी थोडे सांगतो. वाक्य निर्दोष आहे. कर्ता तृतीयेत आहे, संबंध षष्ठीने दाखवला आहे, क्रियापद घातामागे पुल्लिंगी चालले आहे. कुणी कुणाचा केला, एवढे मात्र त्यातून कळत नाही. तो दोष माझा नाही, मेहुणा या शब्दाचा आहे.

जूनमध्ये वर्गातले एखादे चौकस पोर उठेल आणि विचारील, ‘बाई, कोणत्या मेहुण्याने?’ आपली लेक खडू हातात धरून क्षणभर थांबेल, आणि संध्याकाळी घरी येऊन तोच प्रश्न आपल्याला विचारील. पुढच्या वर्षी नवा वर्ग येईल आणि नवे पोर उठेल. मी दूर राहतो, मला तो ऐकू येणार नाही. आपण तिच्याच घरात राहता. आपण आहात तोवर आपल्याला तो ऐकावा लागेल.

‘तोवर’ या शब्दाचा अर्थ मी आपल्याला पूर्वीच कळवला आहे.

आपला मेहुणा